वाईटात वाईट किती वेळ?

महालातून नागपूर स्टेशनला जायला किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. "पंधरा-वीस मिनिटं," असं उत्तर येईल आणि ते खरंही असेल. पण घरातल्या आजी गाडीच्या तासभर आधी सगळ्यांना निघायला लावतात, आणि त्यांचंही चुकत नाही. त्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात. गाडी चुकणार नाही असा शब्द द्यायचा असेल, तर किती आधी निघावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या-मारबतीची मिरवणूक महाल-इतवारीतून निघाली, की रोजच्या पंधरा मिनिटांचा हिशेब कामाला येत नाही.

प्रोग्रामच्या वेळेबद्दलही असेच दोन प्रश्न असतात. एक, साधारण किती वेळ लागतो? दोन, वाईटात वाईट किती लागेल? मोबाइलवरचं ॲप, दुकानाचं बिलिंग किंवा वेबसाइट करणाऱ्याला पहिल्या प्रश्नावर भागवता येतं. दुसरा प्रश्न ब्रेक, सिग्नल, सलाइनचा पंप किंवा कारखान्यातला प्रेस चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी असतो. त्याच्या उत्तराला कमाल वेळ किंवा डब्ल्यूसीईटी (वर्स्ट-केस एक्झिक्यूशन टाइम) म्हणतात. हा आकडा म्हणजे प्रोग्रामच्या वतीनं आपण दिलेला शब्द. तो कसा द्यावा आणि कसा देऊ नये, हे या लेखात पाहू. व्हीएनआयटी, ट्रिपलआयटी किंवा शहरातल्या इतर महाविद्यालयांत एम्बेडेड प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि हिंगणा, बुटीबोरी, मिहानमध्ये कंट्रोलरवर काम करणारे तरुण अभियंते डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

आधी मुदत ठरवा

कमाल वेळ मोजायला बसण्यापूर्वी मुदत किती आहे हे कागदावर लिहा. ती मुदत प्रोसेसर ठरवत नाही, बाहेरचं जग ठरवतं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. चाक घसरतंय हे ओळखून ब्रेकचा दाब सोडणाऱ्या प्रोग्रामला १० मिलिसेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात गाडी ३३ सेंटिमीटर पुढे जाते. ५० मिलिसेकंद उशीर झाला, तर दीड मीटरहून जास्त. शहरात मेट्रोच्या गाड्यांमधलं सुरक्षित अंतर रेडिओवरून बोलणारी सीबीटीसी यंत्रणा राखते. गाडी कुठे आहे, पुढची किती लांब आहे, ब्रेक कधी लावायचा, हे तिला ठरावीक वेळेच्या आत पुन्हा पुन्हा काढावं लागतं. तिथे उत्तर बरोबर येऊन भागत नाही. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकंच घातक असतं.

म्हणून पहिलं वाक्य असं लिहा: "सेन्सरनं खूण केल्यापासून इतक्या मिलिसेकंदांत आउटपुट बदललंच पाहिजे." हे वाक्य लिहिता येत नसेल, तर पुढचं मोजमाप कशाशी ताडून पाहायचं हेच कळणार नाही.

दिसलेला कमाल आणि असू शकणारा कमाल

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे प्रोग्राम हजार वेळा चालवायचा, त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, वर वीस टक्के वाढवायचे आणि झालं म्हणायचं. हजार वेळांत जे घडलं नाही ते हजार-एकाव्या वेळी घडू शकतं, आणि ते नेमकं किती वाईट असेल हे वीस टक्क्यांना ठाऊक नसतं.

आजच्या प्रोसेसरवर हा फरक किती पडतो ते पाहा. हवी असलेली माहिती जवळच्या कॅशमध्ये सापडली तर साधारण ४ सायकल लागतात. तिथे नसली आणि मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर दोनशेच्या आसपास जातात. समजा, तुमच्या कामात अशी १,००० वाचनं आहेत आणि प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आहे. सगळं कॅशमध्ये सापडलं तर ४ मायक्रोसेकंद, काहीच सापडलं नाही तर २०० मायक्रोसेकंद. तोच प्रोग्राम, तोच इनपुट आणि पन्नासपट अंतर. प्रयोगशाळेत तेच काम सलग हजार वेळा चालवलं की कॅश भरलेली राहते, त्यामुळे तुम्ही नेमका चांगला दिवसच हजार वेळा मोजता.

यात आणखी एक खोल अडचण आहे. "प्रत्येक ठिकाणी वाईटच घडेल असं धरू, मग बेरीज सुरक्षित येईल," असं वाटतं. स्वीडनमधल्या लुंडक्विस्ट आणि स्टेन्स्ट्रॉम यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की सूचनांचा क्रम स्वतः बदलणाऱ्या प्रोसेसरवर हेही खरं नसतं. एका ठिकाणी लवकर झालं म्हणून एकूण काम उशिरा संपू शकतं. स्वयंपाकघरात हे आपण पाहतो. शेगडी एकच आहे. रोज आधी वरण चढतं, मग भाजी. वरण झालं की फोडणी, मग ताटं, मग पंगत. एखाद्या दिवशी भाजी लवकर चिरून झाली आणि तिनंच शेगडी अडवली. वरण मागे पडलं आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळंच मागे पडलं. भाजी लवकर झाली, जेवण उशिरा झालं. प्रोसेसरच्या आतही एखादी सूचना लवकर तयार होते, सामायिक भाग अडवते आणि जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे ती सूचना थांबून राहते.

बोर्ड निवडतानाच अर्धं काम होतं

म्हणून माझा पहिला आग्रह हा आहे: कडक मुदतीचं काम अंदाज बांधता येईल अशा प्रोसेसरवर ठेवा. वेगवान प्रोसेसर घेतला की मुदत पाळली जाईलच असं नाही.

आर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर चालतो. एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची, बहुतेक सूचना एक-दोन सायकलच्या, कॅश नाही. त्यावरचा छोटा प्रोग्राम हातानं मोजता येतो. एसटीएम३२एफ४ १६८ मेगाहर्ट्झवर दहापट वेगानं पळतो, पण त्या वेगाला फ्लॅश मेमरी पुरी पडत नाही. ३.३ व्होल्टवर प्रत्येक वाचनाला ५ सायकल थांबावं लागतं, आणि ती उणीव झाकायला आत छोटी कॅश बसवलेली आहे. म्हणजे वेग वाढला आणि अनिश्चितताही आली. ईएसपी३२ मध्ये कोड बाहेरच्या फ्लॅशमधून कॅशद्वारे येतो. फ्लॅशवर काही लिहिणं चालू असेल तर ती कॅश तेवढा वेळ बंद असते, आणि फ्लॅशमध्ये ठेवलेला इंटरप्टचा कोड ताटकळत राहतो.

यावर उपाय आहेत. मुदतीचा कोड आणि त्याचा डेटा अंतर्गत रॅममध्ये ठेवा. ईएसपी३२ वर त्यासाठी आयरॅमची खूण लावण्याची सोय आहे, आणि कॉर्टेक्स-आर जातीच्या प्रोसेसरांत प्रोसेसरला थेट जोडलेली मेमरी याच कामासाठी दिलेली असते. स्क्रीन, वायफाय, लॉग लिहिणं ही कामं वेगळ्या मोठ्या प्रोसेसरवर टाका. ब्रेक लहान चिपवर आणि नकाशा मोठ्या चिपवर, ही वाटणी साधी वाटते, पण अनेक मोठ्या अडचणी ती मुळातच टाळते.

कोड असा लिहा की वरची मर्यादा सांगता येईल

ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं, की कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसामान्य पद्धत असूच शकत नाही. थांबेल की नाही हेच सांगता येत नसेल, तर किती वेळात थांबेल हे कसं सांगणार? त्यामुळे ज्याबद्दल सांगता येतं असाच प्रोग्राम लिहिणं ही आपली जबाबदारी ठरते. नियम फार नाहीत.

प्रत्येक लूपला पक्की वरची मर्यादा द्या आणि ती कोडशेजारीच लिहून ठेवा. "सेन्सर तयार होईपर्यंत थांब" असा लूप म्हणजे अमर्याद वेळ, म्हणून तिथे मुदत घाला आणि ती संपल्यावर काय करायचं तेही ठरवा. मुदतीच्या कामात फंक्शननं स्वतःलाच बोलावणं टाळा. मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवा, काम चालू असताना मागू नका. चिपमध्ये दशांश आकड्यांचं वेगळं युनिट नसेल, तर ती गणितं सॉफ्टवेअरमध्ये होतात आणि त्यांचा वेळ आकड्यांनुसार बदलतो. साधा भागाकारही कॉर्टेक्स-एम३ वर आकड्यांप्रमाणे २ ते १२ सायकल घेतो.

कुलूप लावून वापरायच्या सामायिक डेटाकडे विशेष लक्ष द्या. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःला रीसेट करू लागला होता. हवामानाचं कमी महत्त्वाचं काम कुलूप धरून बसलेलं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी अडलेलं. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय चालू केली आणि प्रश्न सुटला. आज फ्रीआरटीओएसच्या म्यूटेक्समध्ये ही सोय तयार मिळते. साधा बायनरी सेमाफोर वापरला तर मिळत नाही.

हातानं एकदा तरी हिशेब करा

समजा, एका फिल्टरचा लूप जास्तीत जास्त ६४ वेळा फिरतो. आत दोन वाटा आहेत. नेहमीच्या वाटेला १८ सायकल लागतात आणि बिघडलेला नमुना दुरुस्त करायच्या वाटेला ३०. सुरुवातीच्या तयारीला ४०. दर वेळी लांबची वाट धरली तर ४० + ६४ × ३० = १,९६० सायकल. १६ मेगाहर्ट्झवर १२२.५ मायक्रोसेकंद. हा शब्द सुरक्षित आहे, पण ढिला आहे.

आता कामाची माहिती त्यात घाला. एका फेरीत चारपेक्षा जास्त नमुने दुरुस्त करायचे नाहीत, असं कोडमध्येच बांधलेलं आहे. मग ४० + ४ × ३० + ६० × १८ = १,२४० सायकल, म्हणजे ७७.५ मायक्रोसेकंद. शब्द तितकाच सुरक्षित राहिला आणि घट्ट झाला. कोणती वाट जास्तीत जास्त किती वेळा धरली जाऊ शकते याची समीकरणं मांडून मोठ्यात मोठी बेरीज शोधायची, ही पद्धत ली आणि मलिक यांनी १९९५ मध्ये मांडली. स्थिर विश्लेषणाची साधनं आजही तिच्यावर उभी आहेत. ही साधनं प्रोग्राम न चालवता त्याचा यांत्रिक कोड वाचतात, कॅशमध्ये कोणत्या क्षणी काय नक्की असेल हे काढतात आणि वरची मर्यादा देतात. जर्मनीतल्या झारब्र्युकन इथलं एआयटी हे साधन एअरबसच्या ए३८० विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी वापरलं गेलं. शिकणाऱ्यांसाठी फ्रान्समधल्या तुलूझचं ओटावा आणि रेनचं हेप्टेन ही खुली साधनं आहेत. पण कोणतंही साधन लूपची मर्यादा नेहमी स्वतः ओळखू शकत नाही. ती तुम्हालाच सांगावी लागते, आणि चुकीची सांगितली तर उत्तरही चुकतं.

मोजायचंच, पण वाईट दिवस मोजा

हिशेब केला तरी मोजमाप सोडू नका. हिशेबापेक्षा मोजलेला आकडा मोठा निघाला, तर हिशेबात काहीतरी राहून गेलंय हे त्याच क्षणी कळतं.

कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये सायकल मोजणारा काउंटर असतो. कामाच्या आधी आणि नंतर तो वाचून वजाबाकी करा आणि आजवरचा सर्वांत मोठा आकडा जपून ठेवा. हा काउंटर ३२ बिटांचा असल्यानं १६८ मेगाहर्ट्झवर साधारण साडेपंचवीस सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. चिन्हरहित आकड्यांची वजाबाकी केली तर एका वळणानं हिशेब बिघडत नाही. उनोवर मायक्रोसेकंद सांगणारं फंक्शन चार-चारच्या टप्प्यानं पुढे जातं, त्यामुळे तिथे पिन उंच-खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहणं बरं.

मोजताना परिस्थिती मुद्दाम बिघडवा. प्रत्येक वेळेआधी कॅश दुसऱ्याच डेटानं भरून टाका. सर्व इंटरप्ट चालू ठेवा. बफर काठोकाठ भरा, सेन्सर तोडून पाहा, चुकीचे संदेश पाठवा, कारण चूक हाताळणाऱ्या वाटा बहुतेकदा सर्वांत लांब असतात. शेवटी ग्राहकाकडे जाणारा, त्याच कंपाइलर सेटिंगचा कोडच मोजा. मधे छापायच्या ओळी घालून मोजलेला प्रोग्राम वेगळाच प्रोग्राम असतो.

नागपुरात राहणाऱ्यांनी आणखी एक अट लिहावी: तापमान. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि उन्हात खांबावर टांगलेल्या बंद पेटीत त्याहून जास्त असतो. रास्पबेरी पाय ८० अंशांपाशी पोहोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो. जानेवारीत वातानुकूलित खोलीत काढलेला आकडा मे महिन्याच्या दुपारी खोटा ठरतो. साध्या मायक्रोकंट्रोलरवर वेग असा कमी होत नाही, पण बाहेरचा क्रिस्टल न लावता अंतर्गत आरसी ऑसिलेटर वापरला असेल तर त्याची गती तापमानाबरोबर सरकते. यात एक फसगत आहे. सायकल मोजणारा काउंटर त्याच घड्याळावर चालतो, म्हणून त्याला काहीच बदल दिसणार नाही. हा फरक फक्त बाहेरच्या उपकरणावरच पकडता येतो. पेटी तापवून तसं एकदा तरी मोजाच.

अनेक कोर म्हणजे अनेक शेजारी

चार कोरच्या चिपवर तुमचं काम एका कोरवर एकटं असलं, तरी मेमरीकडे जाणारा रस्ता सगळ्यांचा एकच असतो. शेजारच्या कोरनं कॅमेऱ्याची चित्रं ओढायला सुरुवात केली की तुमचं वाचन रांगेत उभं राहतं. तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता त्याचा कमाल वेळ वाढतो. विमानांच्या जगात हा प्रश्न इतका गंभीर मानला गेला, की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या गटानं कास्ट-३२ए हा स्वतंत्र लेख २०१६ मध्ये काढला. कोर एकमेकांच्या आड कुठे कुठे येतात हे शोधा आणि त्यावर काय केलं ते दाखवा, अशी अपेक्षा त्यात आहे.

आपल्या पातळीवर तीन गोष्टी करता येतात. नको असलेले कोर बंद करणं, ही सर्वांत खात्रीची. कॅश वाटून देण्याची सोय असेल तर कामाला स्वतःचा हिस्सा राखून ठेवणं, ही दुसरी. तिसरी म्हणजे मोजताना बाकीच्या कोरवर सतत मेमरी ओरबाडणारे प्रोग्राम मुद्दाम चालवणं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट घडली आहे. प्रतिसादाची वेळ आवरणारा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग वर्षानुवर्षं वेगळा जोडावा लागत असे, तो २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्ये आला. सायक्लिकटेस्ट हे साधन भरपूर ताण देऊन काही तास चालवा. मात्र ते काम सुरू व्हायला किती उशीर होतो तेवढंच मोजतं. काम संपायला किती वेळ लागतो ते वेगळं काढावं लागतं, आणि दोन्ही आकडे मोजलेलेच राहतात, सिद्ध केलेले नाहीत.

एकाचा उशीर दुसऱ्याच्या माथी

प्रत्येक कामाचा कमाल वेळ मिळाला की सगळी कामं मिळून मुदतीत बसतात का ते पाहा. समजा, तीन कामं आहेत: दर ५ मिलिसेकंदांनी १ मिलिसेकंदाचं, दर १० नी २ चं आणि दर २० नी ४ चं. जे काम कमी अंतरानं पुन्हा येतं त्याला अग्रक्रम वरचा. एकूण भार ६० टक्के. लिउ आणि लेलँड यांच्या १९७३ च्या सूत्रानुसार तीन कामांसाठी ७८ टक्क्यांपर्यंत बिनघोर. वरच्या दोन कामांचे अडथळे धरून तिसरं काम उशिरात उशिरा ८ मिलिसेकंदांत संपतं.

आता दुसऱ्या कामाचा खरा कमाल वेळ २ नसून ५ आहे असं निघालं. भार ९० टक्के झाला आणि सूत्राचा आधार सुटला. सविस्तर हिशेब केला तर तिसरं काम १८ मिलिसेकंदांवर जातं. २० ची मुदत पाळली गेली, पण दुसऱ्या कामाच्या ३ मिलिसेकंदांनी तिसऱ्याला १० मिलिसेकंद मागे ढकललं. एका कामाचा आकडा चुकला की फटका भलत्याच कामाला बसतो, आणि बिघाड शोधणारा त्या निर्दोष कामाचाच कोड महिनाभर तपासत राहतो.

आकड्याखाली अटी लिहा

शेवटी हातात एक आकडा येतो. तो एकटा कुणाला देऊ नका. त्याखाली लिहा: कोणती चिप, किती मेगाहर्ट्झ, घड्याळ क्रिस्टलचं की आतलं, कोड फ्लॅशमध्ये की रॅममध्ये, कंपाइलरची आवृत्ती आणि सेटिंग, लूपच्या मर्यादा, किती कोर चालू, कोणते इंटरप्ट, पेटीचं तापमान. आकडा हिशेबानं काढला की मोजून, हेही लिहा. यातली एक अट बदलली की आकडा रद्द समजा आणि पुन्हा काढा. दोन वर्षांनी कुणी चिप बदलेल, कुणी कंपाइलर नवा घेईल. त्या माणसाला तुम्ही भेटणारही नाही, पण हा कागद त्याला सावध करेल.

स्टेशनला तासभर आधी निघायला लावणाऱ्या आजी घड्याळाकडे पाहण्याआधी विचारतात: आज कोणता सण आहे, पाऊस आहे का, सामान किती आहे, रिक्षा ठरली का. त्या आधी अटी विचारतात, वेळ नंतर सांगतात. समृद्धीवर मध्यरात्री एखादं कुटुंब झोपेत प्रवास करत असतं आणि चालक ब्रेकवर पाय देतो, तेव्हा ब्रेक सांभाळणारी एक लहानशी चिप कुणीतरी दिलेला शब्द पाळत असते. तो शब्द देणारे उद्या तुम्ही असाल. देताना असाच विचारून द्या.